पोचा आलेला पेला

रविवार, २६ एप्रिल १९९२
नवीन पनवेल

सकाळी संडे स्कूलमध्ये शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा शिकवली. एका मुलीने विचारलं, "टीचर, शेजारी म्हणजे कोण?" मी ऐटीत म्हटलं, "जो दारात येईल तो."

घरी आले तर दारात सोमी, करवंदं विकणारी कातकरीण. "बाय, वाईच पानी दे."

दिलं. पण कशात? दाराजवळच्या खिडकीत बाहेरच्यांसाठी वेगळा ठेवलेला तो पोचा आलेला पेला, त्यात. चांगले पेले समोर फळीवर होते. हात आपसूक खिडकीकडेच गेला.

गावात लोक माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. म्हणून आजोबा ख्रिस्ती झाले, हे मीच अभिमानाने सांगत असते. मग माझ्या घरात हा पेला कसा? सासूबाईंनी ठेवलेला म्हणावं, तर त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. इतक्या दिवसांत टाकला का नाही मी?

सोमीने पाणी पिऊन पेला अंगणातल्या नळावर विसळला. मी घ्यायला हात पुढे केला. तिने माझ्या हातात दिला नाही. गजांतून हात घालून खिडकीत पालथा ठेवला.

जागा तिला पाठ होती.