जत्रेच्या शर्यतीची फुलं

मूरवेगेम, ८ जानेवारी २००१

चि. रूलांड यास,

अ. उ. आ. मोठी बहीण आहे म्हणून आशीर्वाद देते. मनात काय आहे ते खाली येईलच.

तू फोन केलास की मी ठेवून देते, अशी तक्रार तू मावशीकडे केलीस म्हणे. हो, ठेवते. फोनवर तुझा आवाज फार गोड लागतो आणि त्याच आवाजानं तू मला वर्षानुवर्षं बनवलंस. यापुढे काय सांगायचं ते कागदावर सांग. कागद परत काढून वाचता येतो.

इकडे सगळं ठीक. थंडीनं कॅफेचा नळ फुटला होता, तो दुरुस्त झाला. तुझा भाचा रोज सायकलवर असतो. योस्त आता माझ्याहून वीतभर उंच झालाय आणि तुझ्यासारखाच उभ्याउभ्या जेवतो. चांगली बातमी म्हणजे फिर्मिननं त्याला हाताखाली घेतलंय. फेब्रुवारीत स्पेनला सरावाला नेणार. पोरांना मालिश करणारा, त्यांचं खाणंपिणं बघणारा इतका जुना माणूस आता दुसरा कोण आहे? बाबांचा दोस्त, घरचाच माणूस. मला तर हायसं वाटलं.

आता तुझ्याबद्दल. गावातल्या पोरांसमोर डोपिंगवर बोलायला येतो, असं तू सायकलपटूंच्या समर्थक मंडळाला लिहिलंस. त्यांची बैठक नेहमीप्रमाणे माझ्याच कॅफेत झाली. सगळे एका सुरात नाही म्हणाले आणि जाताजाता भिंतीवरची तुझी शर्यतीची जर्सी उतरवून गेले. औषधं घेऊन पकडला गेलास तेव्हा ती कुणी उतरवली नव्हती, हे ध्यानात घे. बंदी संपली तेव्हा याच लोकांनी रस्सा आणि फ्राइज करून तुला मेजवानी दिली होती. अध्यक्षांचं म्हणणं असं की, घेतलं ते घेतलं, तेव्हा सगळेच घ्यायचे, पण टीव्हीवर जाऊन बोलायची काय गरज होती. मला त्यांचं पटलं. आयुष्यभर चोऱ्या करून मग कुलपांवर व्याख्यानं देत फिरणाऱ्याला घरात कोण घेतं?

तुझा लोभ हवा आहे, उपदेश नको.

रेनिल्डे

गेंट, १२ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. कुलपांचं वाक्य इतकं झकास आहे की पुढच्या व्याख्यानात वापरणार आहे. तुझं नाव घेणार नाही, घाबरू नकोस. जर्सी उतरवली ते बरंच झालं. धूर पिऊन पिवळी पडली होती बिचारी.

ताई, तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी तो मागतच नाही. आमच्यातल्या बोलणाऱ्यांवर माझाही सरसकट विश्वास नाही. एक जण स्वतःचं पुस्तक खपवतोय. दुसऱ्याला संघातून काढल्यावर सज्जनपणा सुचला. आणि मी पकडला गेलो नसतो, तर आज तुझ्या काउंटरला टेकून अध्यक्षांबरोबर बिअर पीत गप्प बसलो असतो. हे मी पोरांना सुरुवातीलाच सांगून टाकतो. पण ज्यांनी कधी घेतलं नाही त्यांना ते कसं दिलं जातं ते माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी तोंडाला कुलूप घातलंय. मग सांगायचं कुणी? देवदूतांनी?

फिर्मिनचं नाव मी टीव्हीवर घेतलं नाही, ते तुझ्याकडे बघून. आता योस्तचा प्रश्न आहे म्हणून लिहितो. मला पहिली सुई फिर्मिननं दिली. तो दरडावत नाही, दार लावून घेत नाही. आधी नुसती मालिश करतो, आईवडिलांची चौकशी करतो, अंडी आणून देतो. मग जीवनसत्त्वाची सुई येते. मग एखाद्या दिवशी म्हणतो, आज जरा वेगळं देतो हं. तोवर तो घरातला झालेला असतो आणि घरातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मी खोटारडा आहे असं समजूनच एक कर. त्याला सांग, योस्तला सुई टोचायची नाही, जीवनसत्त्वाचीसुद्धा नाही. तो काय म्हणतो ते माझ्या डोक्यानं नको, तुझ्या डोक्यानं तोल.

लोभ किती उरलाय ठाऊक नाही. असेल तेवढा राहू दे.

तुझा,
रूलांड

मूरवेगेम, २१ जानेवारी

चि. रूलांड यास,

अ. उ. आ. तुझ्यासाठी नाही, योस्तसाठी विचारलं.

फिर्मिन आधी हसला आणि बरं म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत आला, अंडी घेऊन. म्हणाला की स्पेनमध्ये पोरं दिवसभर डोंगर चढतात, जीवनसत्त्वांशिवाय योस्त तिसऱ्या दिवशी आडवा होईल, मग त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली बरी. मी ग्लासं धुवायला लागले. तेव्हा त्याचे डोळे भरून आले. तू माझे कान भरलेस हे त्याला कळलं होतं. आईची शपथ घेऊन म्हणाला, आजवर एकाही पोराला जीवनसत्त्वांपलीकडे काही दिलेलं नाही. रूलांडनं जे केलं ते इटलीत, परक्या लोकांत जाऊन केलं. योस्त तर माझ्यावरच उखडलाय. मामाचं करिअर बुडालं म्हणून माझं बुडवतेस का, असं त्यानं मला तोंडावर विचारलं.

आता मी कुणाचं खरं मानू? फिर्मिननं बाबांच्या शवपेटीला खांदा दिलाय. तूही दिलास. आणि तू बाबांच्या उशाशी बसून त्यांना सांगितलं होतंस की मी असल्या गोष्टींना हात लावत नाही.

म्हणून एकच विचारते. बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात तू आपल्या गावच्या जत्रेची शर्यत जिंकलास. त्यांना खुर्चीसकट कॅफेच्या खिडकीत बसवलं होतं. तू पहिला आलास तेव्हा त्यांना टाळ्या वाजवण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून ते काचेवर बोट आपटत होते. तुला मिळालेला गुच्छ त्यांनी उशाशी वाळवला आणि पेटीत तो मी त्यांच्या हातात दिला. टीव्हीवर तू म्हणालास की पहिल्यांदा घेतलं ते दोन वर्षांनी, इटलीत. ते ऐकून मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. एवढी एक शर्यत तरी स्वच्छ राहिली म्हणून.

होती ना रे स्वच्छ? हो किंवा नाही लिही. पाल्हाळ नको.

रेनिल्डे

गेंट, २४ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न.

नाही.

आपल्याच स्वयंपाकघरात, शर्यतीच्या दिवशी सकाळी, तू वाढलेलं सूप पिऊन झाल्यावर. तू वर बाबांना अंघोळ घालत होतीस, पाण्याचा आवाज येत होता. फिर्मिननं दिलं आणि मी दंड पुढे केला. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. बाबांना ठाऊक नव्हतं.

टीव्हीवर मी खोटं बोललो. ती फुलं तुझ्यापुरती तरी चांगली राहावीत म्हणून. म्हणजे कबुली देतानाही मी खोटं बोललो, आणि आता माझ्यावर कधीच विश्वास न ठेवायला तुझ्याकडे पक्कं कारण आहे. ते खुशाल वापर. मला गावात पाऊल टाकू देऊ नकोस. पण योस्तला त्या माणसाबरोबर पाठवू नकोस, ताई. मी कसाही असलो तरी ते सूप खरं होतं.

लोभ मागायला आज तोंड नाही.

रूलांड

मूरवेगेम, ५ फेब्रुवारी

चि. रूलांड,

तुझं पत्र मी काउंटरमागे उभी राहून वाचलं. बाबांचे हात मी किती जपून बांधले होते, रे. ती फुलं त्यांच्याबरोबर जमिनीत आहेत आणि मला ती उकरून बाहेर फेकता येत नाहीत, याचा मला तुझ्यावर आला तितकाच बाबांवरही राग आला. त्यांचा काय दोष? पण आला.

शनिवारी फिर्मिन योस्तची बॅग न्यायला आला. कॅफे भरलेला होता, अध्यक्ष होते, योस्त होता. मी फिर्मिनला बिअर दिली आणि सगळ्यांदेखत विचारलं की त्या जत्रेच्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरात त्यानं माझ्या भावाला काय दिलं. मला वाटलं होतं तो नाकारेल. आईची शपथ घेऊन झालीच होती. पण त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, “ते तर तुझ्या बाबांसाठी होतं, रेनिल्डे. पोराला जिंकताना बघून जायचं होतं ना त्यांना.”

त्याला वाटलं, मी त्याचे आभार मानीन. सबंध कॅफेत एकाच्याही भुवईची हालचाल झाली नाही. अध्यक्षांनी तर मान डोलावली. तेव्हा मला समजलं की हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, मी एकटीच मेणबत्त्या लावत बसले होते.

मी त्याला बिअर संपवून जायला सांगितलं. अंडीही परत दिली. योस्त स्पेनला गेलेला नाही. तो तुझ्यावर चिडलाय, माझ्यावर त्याहून जास्त, आणि जेवायला खाली येत नाही. ताट वर नेऊन ठेवते, रिकामं परत येतं. सायकल सोडेल की चालवेल, मला माहीत नाही. चालवली तर आपल्या पायांनी चालवेल आणि मागे राहिला तर राहील मागे.

मंडळ तुला सभागृह देणार नाही. नाही तर नाही. कॅफे माझ्या नावावर आहे आणि ग्लासं मीच धुते. येत्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ये. मी गावभर सांगून ठेवलंय. अध्यक्ष म्हणाले, असं केलंस तर मंडळ दुसऱ्या कॅफेत बसेल. मी त्यांना चर्चपलीकडच्या कॅफेचा पत्ता दिला. तरीही येणार आहेत सगळे, दार अडवायला का होईना.

एक गोष्ट नीट समजून घे. माझा तुझ्यावर विश्वास बसलेला नाही. जो माणूस कबुलीतूनही सोयीचं तेवढं गाळतो, त्याच्यावर मी डोळे मिटून कशी भिस्त ठेवू? मी डोळे उघडे ठेवणार आहे. त्या दिवशी तू इटलीपासून सुरुवात करायची नाहीस. खिडकीतल्या खुर्चीपासून करायची, योस्तसमोर, फिर्मिनसमोर. मी काउंटरमागे उभी असेन, आणि तू जिथं गाळशील तिथून पुढचं मी सांगेन.

लोभाचं त्यानंतर बघू.

तुझी बहीण,
रेनिल्डे