ह्यांच्या शेजारची जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, व्यवसाय इंग्रजी शिकवणे, राहणार पुढे वर्ग आणि मागे दोन खोल्या असलेल्या स्वतःच्या घरात, असे लिहून ठेवते की हा कागद मी माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. डोक्यात गोंधळ नाही असे मात्र त्यांनी लिहिलेले नाही, आणि मीही लिहिणार नाही.

माझे यजमान, मिशनचे धर्मोपदेशक, ज्यांना इथे सगळे गुरुजी म्हणत, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचे नाव मी जन्मात घेतले नाही, मग आता कागदावर तरी कशाला? ‘हे’ म्हटले की मुलीला कळेल.

कलम एक. घर आणि बँकेत जे काही उरले असेल ते आमच्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. ती इथे जन्मली, मायदेशी वसतिगृहात शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. दर चार वर्षांनी आम्ही रजेवर गेलो की गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांपुढे तिला उभी करायचो, ‘परदेशातल्या आपल्या सेवकांची मुलगी’ म्हणून. ती गाणे म्हणायची, लोक डोळे पुसायचे. नवव्या वर्षी तिने विचारले होते, “आई, आपण घरी आलोय की पाहुणे आहोत?” मी तिला पुढचे गाणे म्हणायला पाठवले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसे आम्ही तिचे करून ठेवले. त्याबद्दल मी ह्या कलमात तिची माफी मागते. कायद्यात असे बसते की नाही, ते वकीलबाईंनी पाहावे.

कलम दोन. फळा, टेपरेकॉर्डर आणि चित्रांची कार्डे (दुकान, दवाखाना, पोस्ट, विमानतळाचे हरवले आहे) पाववाल्या बाईंना द्यावीत. त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी असून बुधवारचा वर्ग हल्ली त्याच घेतात. ओरडतात फार, पण शिकवतात बरे.

कलम तीन. मिशनच्या मुख्य कचेरीच्या माजी सचिवांना आमच्या पत्रांच्या नकलांची पेटी पाठवावी. दर महिन्याचे पत्र हे लिहीत आणि शेवटच्या दोन ओळी माझ्या असत. सचिवांनी ते मिशनच्या मासिकात छापले की माझ्या ओळी गायब. ‘आम्ही दोघे थकलो आहोत’ हे वाक्य मी एकोणतीस वर्षांत पाच वेळा लिहिले. सचिवांनी आता निवृत्तीत ते सावकाश वाचावे.

कलम चार. हे जिथे पुरले आहेत तिथे त्यांच्या एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला एकच जागा शिल्लक आहे. ती माझ्यासाठी राखलेली आहे. ती मी माझे जुने विद्यार्थी शिंपीदादा यांना देते. माझे शरीर मुलीने मायदेशी न्यावे.

ह्याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील, नवराबायकोचे बिनसले होते.

ह्यांना इथली भाषा शेवटपर्यंत आली नाही. भाजी आणि औषध मागण्यापुरती यायची. त्यामुळे ह्यांचे प्रवचन, उपासना सगळे इंग्रजीत चाले, आणि लोकांना आधी इंग्रजी शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. संध्याकाळी सहाला वर्ग. मी वाक्य म्हणायची, तीस जण माझ्यामागून म्हणायचे. चोविसाव्या धड्यात, ह्यांच्याच आग्रहावरून, मी बाप्तिस्म्याचे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे घातली. शिवाय वर्गाला सांगून ठेवले होते की शेवटची परीक्षा तोंडी असते, चारचौघांसमोर असते, स्वच्छ कपडे घालून यावे.

इथे आल्यापासून सात वर्षांत एकही माणूस ह्यांच्या बाप्तिस्म्याच्या टाकीत उतरला नव्हता. मग शिंपीदादा उतरले. नवा सदरा होता, भांग पाडलेला. चारही उत्तरे खणखणीत. ह्यांनी त्यांना पाण्यात बुडवून वर काढले आणि तिथेच ढसाढसा रडले. अर्ध्या तासाने शिंपीदादा ओल्या अंगाने माझ्या दारात.

“बाई, चारही बरोबर आली ना? मग दाखला?”

“अहो, मग पाण्यात कशाला बुडवलं असं वाटलं तुम्हाला?”

“पास झालं की बुडवत असतील, म्हटलं. ज्याची त्याची पद्धत असते.”

मी दाखला लिहून दिला. तोंडी परीक्षा उत्तीर्ण, तारीख, सही. आत हे मुख्य कचेरीला पत्र लिहीत होते, ‘पहिले फळ हाती आले.’ ते फळ हिसकावून घेण्याचा धीर मला झाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसले. बावीस वर्षे गप्प बसले, आणि ज्यांना मी इतके फसवले त्यांच्या शेजारी कायमचे निजण्याची मला लाज वाटते. शिंपीदादा तेव्हापासून दर रविवारी उपासनेला येतात. त्या जागेवर त्यांचाच हक्क जास्त.

वरील मजकूर गुरुवारी लिहिला. आज सोमवार. काल उपासनेनंतर शिंपीदादा माझ्या शेवटच्या कपड्याचे माप घ्यायला आले होते. मी त्यांना जागेचे सांगितले आणि कारणही सांगितले. त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि खुर्ची ओढून बसले.

“बाई, गुरुजींना ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“सगळं. दाखला मी दुकानात चौकट करून लावला होता ना. त्याच महिन्यात कोट शिवायला आले. तारीख वाचली, तुमची सही वाचली. मला विचारलं. मी खोटं कशाला बोलू? कोटाचं माप दिलं आणि म्हणाले, ‘बाईंना कळू देऊ नका. ती मला सांभाळून घेते आहे, घेऊ दे.’”

मी पाणी प्यायले. मग, विचारू नये ते विचारले. “आणि तुमचा विश्वास? तो आहे की नाही?”

“रविवारी येऊन बसतो. बरं वाटतं. कधी वाटतं आहे, कधी वाटतं नाही. गुरुजींनी पुन्हा कधी विचारलं नाही.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुमचं कसं आहे, बाई?”

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. तीस जणांकडून उत्तरे म्हणवून घेणारी मी, त्यांना म्हटले, आधी माप घ्या.

रात्रभर विचार केला, अजून उलगडा होत नाही. ह्यांना माहीत होते, तर पुढची बावीस वर्षे पत्रांत ‘आपला बंधू शिंपी’ काय समजून लिहिले? खोटे लिहिले, की त्यांना खरेच वाटू लागले? माझ्याशी रोज चहा घेताना मनात हसत होते, की माझी कीव करत होते? मला राग आला आहे, पण कोणाचा, ते ठरत नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण थोडे हलकेही वाटते आहे.

सबब कलम चार रद्द समजावे. शिंपीदादांना आज तसे सांगितले. म्हटले, तुम्हाला मागच्या ओळीत जागा मिळेल. “चालेल,” म्हणाले, “वर्गातही मागेच बसत होतो.” मंडळीच्या सभासदांच्या वहीत त्यांच्या नावावर कोणी शंका घेतली, तर त्या माणसाने आधी स्वतःचे उत्तर लिहून द्यावे.

कलम चार, नव्याने. मला मायदेशी नेऊ नये. मुली, रागावू नकोस. मला ह्यांच्या शेजारीच पुरावे. आम्ही बावीस वर्षे एकमेकांना सांभाळले, आणि त्या नादात एकमेकांशी बोलायचे राहून गेले. मला त्यांना बरेच विचारायचे आहे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, खाडाखोड माझीच आहे.

सही: इंग्रजीच्या बाई

साक्षीदार: पोस्टमन. माझ्यादेखत सही केली. आत काय लिहिले आहे ते मी वाचलेले नाही.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई. सही करताना त्या पूर्ण शुद्धीत होत्या. रडत होत्या, पण शुद्धीत होत्या.

स्थळ: पुढचा वर्ग
दिनांक: सोळा मार्च, सोमवार