कालव्यापलीकडची बायको

मेडम ३, मंगळवार

माहेराला कुलूप! दादा-वहिनी मस्कतला गेले, लेकीच्या बाळंतपणाला. "पूरम काय, दरवर्षी असतंच," म्हणे. आता मी जाऊ कुठे?

लग्नाला एकतीस वर्षं झाली. दर मेडम महिन्यात, देवीच्या पूरम-उत्सवाच्या आठ-दहा दिवस आधी माझी पिशवी भरलेली. कालव्याच्या अलीकडे सासरचं करिंपाडम, पलीकडे आमचं माहेरचं इलंजिक्कोड. देवी एकच, मैदान एकच, पण हत्ती समोरासमोर उभे राहतात आणि हत्तींवर चढाओढीनं छत्र्या उघडतात. शेवटची खास छत्री कुणाची सरस, यावर वर्षभर भांडण. म्हणून पलीकडून आलेल्या बायकांनी या दिवसांत माहेरी जायचं. गुपित फुटायला नको!

आणि आमचे हे तर करिंपाडमचे छत्रीप्रमुख. मी इथंच राहणार म्हटल्यावर असा चेहरा केला, की जणू मी घरात वाघच बांधणार आहे. "बरं," म्हणाले. नुसतं बरं!

मेडम ५, गुरुवार

दक्षिणेकडची खोली छत्रीच्या कामात गेली. आत हे, वेलप्पन शिंपी आणि आणखी चार टाळकी. दाराला पडदा, त्या पडद्याला आणखी एक पडदा. माझी मोठी पातेली सगळी आतच! भात टाकायचा तर बाहेर उभं राहून ओरडायचं — "अहो, मधलं पातेलं!" मग पडद्यातून एक हात बाहेर येतो, पातेल्यासकट. हात कुणाचा तेही कळत नाही.

चहा नेला की कुजबुज बंद. वेलप्पन मोठ्यांदा म्हणतो, "यंदा उकाडा फार!" आज पाच वेळा चहा झाला. पाच वेळा उकाडा.

मेडम ६, शुक्रवार

माधवीचेचीचा फोन. माझी चुलत बहीण, पक्की इलंजिक्कोडची.

"तंकम, गुडघे कसे आहेत? बरं, खास छत्री कसली आहे गं?"

"मला काय माहीत!"

"त्याच घरात राहतेस आणि माहीत नाही? मग राहतेस कशाला!"

फोन आपटला मी. इकडचे मला हेर समजतात, तिकडचे फितूर. छान!

मेडम ८, रविवार

पाहिली. पाहायची नव्हती, देवीशप्पथ! सगळे विहिरीवर हात धुवायला गेले होते, मी कढईसाठी आत शिरले आणि ती समोरच. देवीचं मुख, चांगलं दोन हात उंच. मागं सोनेरी ज्वाळा, तीन मजली, दोरी ओढली की एकेक मजला उघडणारी. क्षणभर हातच जोडले गेले.

मग नीट पाहिलं. देवी चकणी! डावा डोळा सरळ, उजवा थेट नाकाकडे. हे सहाजण भिंतीला पाठ लावून मागच्या बाजूनं टिकल्या शिवतायत, पुढं जाऊन बघायला जागाच नाही. आणि जागा असती तरी गेला असता का कुणी? गुपित ना! स्वतःपासूनसुद्धा!

कढई घेऊन स्वयंपाकघरात आले आणि तोंडात पदर कोंबून हसले.

मेडम ९, सोमवार

आज हसू येत नाही.

सांगावं तर चोरून पाहिलं हे कबूल करावं लागेल. आणि मी सांगू तरी का? मी इलंजिक्कोडची! चार वर्षं हरतोय आम्ही. यंदा सगळं मैदान खदाखदा हसेल, माधवीचेची आठवडाभर नाचेल. गप्प बसायचं, बस्स.

पण यांचं हे शेवटचं पूरम. साठी उलटली, पुढच्या वर्षी हत्तीवर चढू देणार नाहीत. मंडळानं तसं तोंडावर सांगितलंय. दुपारी पायरीवर बसल्या बसल्या झोप लागली होती. हातात सुई तशीच, मिशीला एक टिकली चिकटलेली. मला इतका राग आला! कुणाचा, ते माहीत नाही.

मेडम ११, बुधवार

हत्ती आले! कालव्यावर एकच आरडाओरडा. हे, वेलप्पन, सगळे धावले. मी कात्री घेऊन आत.

उजवा डोळा सगळा उसवला. पडदे सारून पाच पावलं मागं, दाराबाहेर जायचं, बघायचं, पुढं येऊन चार टाके घालायचे, पुन्हा मागं. तासभर नुसत्या फेऱ्या. शेवटी देवी माझ्याकडे सरळ बघायला लागली. म्हटलं, "आई, पलीकडे सांगू नकोस हं."

मग चहा टाकला. वेलप्पन आला आणि म्हणाला, "उकाडा फार!" म्हटलं, "हो ना!"

मेडम १२, गुरुवार

जेवताना, ताटातून मान वर न करता — "उद्या तू पलीकडे जाऊन उभी राहा. माधवीजवळ. पुढच्या रांगेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! "एवढे दिवस राबवून घेतलंत, आणि आता हाकलता? मी शत्रू ना तुमची?"

"तू उभी राहा," एवढंच. वर ताकही मागितलं. वाढलं, पण आदळून.

जाईन! नक्की जाईन! आणि घसा फुटेपर्यंत हुर्यो करीन.

मेडम १३, शुक्रवार

पूरम झालं.

माधवीचेचीनं मला कोपरानं रेटून पुढं उभं केलं. समोर सात हत्ती, मधल्यावर हे. बाकीच्या छत्र्यांना आम्ही हुर्यो केली, मीही केली. मग खास छत्री निघाली. डोळा खाली ओघळला असला तर? वाकडा झाला असला तर? पदर तोंडावर ओढून घेतला.

मैदान चिडीचूप. माधवीचेची पुटपुटली, "मेली काय देखणी आहे गं!" मला पदराआड रडू फुटलं.

चेंडा-ढोलांचा ठेका बदलला, म्हणजे छत्र्या उतरवायची खूण; शेजारच्या सहा हत्तींवरच्या छत्र्या खाली गेल्या. यांची जाईना! वादक डोळे वटारतायत, माहूत ओरडतोय, आमची माणसं किंचाळतायत, "अडकली! म्हातारा अडकला!" काय झालं म्हणून मी पदर खाली केला. त्याच क्षणी छत्री खाली आली.

हात आखडला असणार. मंडळानं सांगितलंच होतं, या वयात झेपणार नाही.

मेडम १४, शनिवार

सकाळी यांच्या खांद्याला तेल चोळताना विचारलं, "छत्री खाली का घेईनात?"

"तू तोंडावर पदर का घेतलास? हत्तीवरून मला छत्रीची पाठच दिसते. कशी दिसली ते दर वर्षी समोर उभ्या असलेल्या तुझ्या तोंडावर बघतो, आणि मगच खाली घेतो. म्हणून तर तिकडे पाठवलं."

आणि मी एकतीस वर्षं घरी येऊन नुसतं "बरी होती" म्हणत आलेय.