मोतीबाईचा हात

कर्जत, ता. ४ डिसेंबर १९४६

ती. दादांच्या पायांशी गोदूचा नमस्कार.

पत्र पोचलं. मी बरी आहे. खोकलाही गेल्यासारखाच आहे. ही गवताची वखार बंद पडणार म्हणून मला संगमनेरला न्यायला येतो म्हणालात, पण आता येऊ नका.

मुंबईला पाठवलेल्या गवताच्या गासड्या आतून काळ्या पडून परत येत होत्या, हे खरं. बायकांना दंड करूनही काही फरक पडला नाही. दिवाळीनंतर नवे मॅनेजर आले, गासड्या बांधणाऱ्या बायकांपुढे जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "तुम्हांला काय वाटतं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ते उठले नाहीत, बसून राहिले. मग त्यांच्यातल्या मोतीबाईने गवताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"आत गरम हाय. दव जिरलंय. दोन दिस उन्हात राहू द्या, मंग बांधा."

"मग आधी का नाही सांगितलं, बाई?"

"इचारलं कुणी? दंड तेवढा कापलात."

बायका हसल्या. मॅनेजरांनी तिच्या हाताशेजारी आपला हात ढिगात घातला आणि आतली ऊब चाचपून पाहिली.

आता मोतीबाईच्या हातावाचून गासडी बांधत नाहीत. महिन्यात एकही परत आलेली नाही. बायका न बोलावता लवकर येऊन गवत उलटतात. जिची हजेरी मी दोन वर्षं मांडली, तिच्यापाशी एवढं ज्ञान होतं, आणि मला पत्ता नव्हता.

वहिनी कशी आहे? पत्रात लिहिलंत ते शेताचं ठरवण्याआधी तिलाही विचारा. ती लगेच बोलणार नाही. तुम्ही बसून राहा.

तुमची धाकटी,
गोदू