पाठकोऱ्या कागदावरची फुली

बाई, आज एका पोरीवर उगाच खेकसले. बिचारी चांगलंच सांगत होती. आयसीयूत कागद फार वाया जातो, असं वरून लेखी आलंय. तर मॅडम, कच्च्या नोंदींना पाठकोरे वापरू या का? मी म्हटलं, पुन्हा तो शब्द काढू नकोस. तिला काय ठाऊक, पाठकोरे तुमचे होते आणि पाप माझं.

नव्वद साल उजाडायचं होतं तेव्हा. उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलात तुम्ही आयसीयूच्या इन-चार्ज होऊन आलात, तोवर एका पेशंटची नाडी आम्ही चार ठिकाणी उतरवायचो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात कडाडलात, "अगं, पेशंटकडे पाठ करून लिहीत बसता, तो गेला तरी कळायचं नाही तुम्हाला!" तीन वह्या बंद केल्यात. एकच चार्ट, दुपारी फेअर करायचा. तोवर खाटेच्या पायथ्याला पॅड आणि त्यावर रद्दीत निघालेल्या जुन्या चार्टची कोरी पाठ. अट एवढीच, की आधी जुन्या बाजूवर लाल फुली, मग कागद पॅडला. कुणी विसरली की सगळ्यांदेखत म्हणायचात, "फुली मारायला मुहूर्त बघतेस काय गं?" आम्ही हसायचो. हात मोकळे झाले होते, पेशंटशी दोन शब्द बोलता यायचे. मला ते दिवस फार आवडायचे, बाई.

मग ती सकाळ. चार नंबरवर अंबरनाथच्या कारखान्यातला एक फिटर येतो, छातीत कळ येऊन. मी घाईघाईत पाठकोरा ओढते, फुली मारत नाही. त्याचं प्रेशर उतरतंय, मी लिहितेय, नव्वद, मग ऐंशी. डॉक्टरांना निरोप जातो, तुम्ही तीन नंबरशी अडकलेल्या, आणि मी इंजेक्शन आणायला खाली स्टोअरमध्ये पळते. निघताना कागद पॅडला परत लावते, तो घाईत उलटा लागतो. वरच्या बाजूला कुणा जुन्या पेशंटचा चार्ट, खाट नंबर मात्र तोच, चार. डॉक्टर नाव कुठे वाचतात, खाट बघतात. एकशेवीस-ऐंशी वाचून "छान, हेच चालू ठेवा," म्हणाले आणि ऑपरेशनला गेले. मी वर आले तर तो घामाने निथळत होता. डॉक्टरांना बोलावून आणेपर्यंत संपलं सगळं. त्याची बायको हेंद्रेपाड्याची, माझाच हात धरून विचारत होती, "आत्ताच डाक्टर बरं हाय म्हनले ना, ताई?" वेळेवर कळतं तर तो वाचला असता का, देव जाणे. इतकी वर्षं मी त्या 'देव जाणे'लाच धरून बसलेय.

कागद मी त्या गडबडीतच चुरगाळून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. मोठ्या साहेबांनी बोलावलं तेव्हा जिन्यात तुम्ही थांबलात आणि हळूच विचारलंत, "फुली होती ना गं?"

मी म्हटलं, "होती, बाई."

तेवढ्यावर तुम्ही आत गेलात आणि डॉक्टरांच्या तोंडावर म्हणालात, की फुली होती, माझ्या मुली विसरत नाहीत. डॉक्टरांनीच न बघता वाचलं. मी शेजारी उभी, तोंडात मिठाची गुळणी धरून. डॉक्टरांपुढे सिस्टरचं कोण ऐकतो? तुमचं इन-चार्जपद काढलं, खाली ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच गळवं बांधत राहिलात. वर तिन्ही वह्या परत आल्या, आणि आम्ही परत पाठी फिरवून लिहायला लागलो.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा कात्रपला तुमच्या घरी आले होते मी, सगळं सांगायचंच असं ठरवून. रिक्षात वाक्यंसुद्धा जुळवली होती. तुम्ही उशीला टेकून बसलात आणि शेजारणीला कौतुकाने म्हणालात, "ही माझ्या हाताखालची. हिच्यासाठी भांडले होते मी." मग कुठलं सांगतेय! दोन कप चहा पिऊन निघाले.

आता हे लिहून तरी काय उपयोग, पाठवू कुठे? तरी अजून एक राहतंय, तेही लिहिते. तुम्ही गेल्याचा फोन आला ना बाई, तेव्हा मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.