बिनछऱ्यांचा नेम

निशी-कसाई, तोक्यो
मार्च २००७

तीर्थरूप भानुमामा,

सुचेताचा नमस्कार. (खरं तर साष्टांग घालायचा होता, पण आमच्या फ्लॅटमध्ये कुणाला आडवं व्हायचं असेल तर आधी जेवणाचं टेबल मिटवून विवेकला गॅलरीत उभं करावं लागतं. तेव्हा वाकून केलेला गोड मानून घ्या.) तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण तुम्ही "ठणठणीत" असंच सांगणार. जयंतीमामींचे गुडघे आणि क्लबच्या पत्र्यावर नाचणारी माकडं, दोन्ही ठीक असतील असं धरून चालते. इकडे आम्ही मजेत आहोत. विवेक बँकेत, मी सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याच्या नोकरीवर (विवेकच्या मते या कामाचा माझा सराव लग्नापासूनचा आहे), आणि लेक कादंबरी शाळेत. तिला मराठीत हाक मारली की ती जपानीत ओ देते आणि इंग्रजीत भांडते. रुसते मात्र अजून मराठीत, एवढंच समाधान.

मामा, मागच्या फोनपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दिवाळीपासून तुम्ही रायफल हातात धरलेली नाही. "छर्रेच मिळत नाहीत गं, माल कस्टममध्ये अडकलाय, क्लब बंद ठेवलाय," असं म्हणालात आणि लगेच इथल्या हवेची चौकशी केलीत. तुम्ही आणि हवेची चौकशी! तेव्हाच मला कसंतरी झालं. आणि छर्रे नाहीत हे कारण तुम्ही कुणाला सांगता? आपल्या मिरजेच्या क्लबात छर्रे होते कधी? माझं सगळं लहानपण दर रविवारी टार्गेटमागची वाळू चाळून चपटे झालेले छर्रे वेचण्यात गेलं. (चाळणी मामींची, पिठाची. त्यावरून घरात जे रण माजलं त्यानंतर तुम्ही निमूटपणे नवी चाळणी आणलीत, आणि मामींनी ती पिठाला घेऊन जुनी तुमच्या अंगावर टाकली.) मग ते शिसं पळीत वितळवायचं, लेथवाल्याकडून करून आणलेल्या साच्यात ओतायचं, आणि जे काही बाहेर पडेल त्याला छर्रा म्हणायचं. त्यातला एकेक मला अजून आठवतो. आपण समोर नेम धरावा आणि त्यानं शेजारच्या शेवग्यावर जावं. तरी तुम्ही म्हणायचात, छर्रा वाकडा असला तर असू दे, तू सरळ राहा.

आणि शिसंही संपलं की सुका सराव. रिकामी रायफल, नेम धरायचा, घोडा ओढायचा, आणि छर्रा असता तर कुठे लागला असता ते आपणच सांगायचं. "नऊ, जरा डावीकडे." "आठ, खाली." तपासायला कुणी नाही, पुरावा काही नाही. आमच्यातला एक जण दर वेळी "दहा" सांगायचा. तुम्ही त्याला रागावला नाहीत, नुसतं बाजूच्या बाकावर बसवलंत आणि म्हणालात, तुला सरावाची गरज नाही, तू घरी जाऊन चहा घे. बिचारा दुसऱ्या दिवशी आला तो "सहा" सांगतच. मी ऑफिसात काही लपवायला गेले की मला अजून ते बाक दिसतं.

तर सांगायची गोष्ट अशी की मीही इथे पुन्हा नेमबाजी सुरू केली आहे. हवेच्या रायफलीचं नाव काढू नका. त्यासाठी इथे लेखी परीक्षा, डॉक्टरचा दाखला, आणि वर पोलीस घरच्यांना विचारतात की ही व्यक्ती तापट आहे का. विवेक खोटं बोलत नाही हा त्याचा जुना दोष, म्हणून मी तो विचारच सोडला. पण शेजारच्या कोतो वॉर्डात एक सरकारी क्रीडा केंद्र आहे, तिथे शनिवारी सकाळी प्रकाशाची रायफल असते. दिसायला, वजनाला अगदी आपल्यासारखी, फक्त घोडा ओढला की छर्रा सुटत नाही, उजेड सुटतो. समोरचं यंत्र तो ओळखतं आणि पडद्यावर गुण दाखवतं. त्यात छर्रे, शिसं, कस्टम काहीच नाही! मामा, तुमच्या टंचाईवर या लोकांनी कायमचा तोडगा काढून ठेवलाय.

पहिल्या शनिवारी मी गेले. मंडळी सगळी निवृत्त, मीच काय ती तरुण. (हे वाक्य हल्ली फक्त याच हॉलबद्दल लिहिता येतं.) माझे दहा नेम झाले, गुणही बरे पडले. आणि मग काय झालं ते सांगायला अजून लाज वाटते. रायफल खाली ठेवली, पर्समधून रुमाल काढला, तरातरा टार्गेटपाशी गेले आणि छर्रे वेचायला खाली वाकले. हाताची सवय हो, डोक्याला विचारलंच नाही कुणी! सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या. बाईंचं काहीतरी हरवलंय, असं ठरलं. मग कुणी टॉर्च आणला, कुणी चष्मा बदलला, आणि ती सगळी आजीआजोबा मंडळी गुडघ्यांवर बसून जमीन शोधू लागली. काय हरवलंय हे विचारणं त्यांना बरं वाटेना, आणि काहीच हरवलेलं नाही हे सांगण्याइतकं जपानी मला येईना. मीही शोधत राहिले! शेवटी क्लबच्या चिटणीसबाई हायाशी-सान (सान म्हणजे इथलं राव किंवा बाई) यांना रेडिएटरखाली केसांचा एक चाप सापडला. जांभळा, वर प्लॅस्टिकचं फुलपाखरू. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काय करणार? वाकले, आभार मानले, तिथल्या तिथे केसांत खोवला. टाळ्या वाजल्या. तेव्हापासून मी दर शनिवारी तो फुलपाखराचा चाप लावून नेमबाजीला जाते.

त्या मंडळींत एक मोरिता-सान आहेत. पूर्वी ट्राम चालवायचे, वय तुमच्याएवढंच, आणि नेमही जवळजवळ तुमच्याइतकाच. त्यांच्याकडे परवान्याची हवेची रायफलसुद्धा आहे. मध्यंतरी वर्षभर ते यायचे बंद झाले होते. खांदा दुखतो, असं सगळ्यांना सांगायचे. खरं कारण त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. उजव्या डोळ्याला टार्गेटवर दोन काळे ठिपके दिसायला लागले होते, आणि ते त्यातला जो बरा वाटेल त्यावर मारायचे. शेवटी बायकोनं ओढत डॉक्टरकडे नेलं. आता पुन्हा येतात, आणि डॉक्टरकडे आधीच गेलो नाही म्हणून स्वतःलाच शिव्या देतात. तुमच्या क्लबाची, साच्याची आणि चाळणीची गोष्ट मी त्यांना हातवारे करून सांगितली. त्यांनी ती दोनदा ऐकली.

बाकी सर्व क्षेम. माकडांना आशीर्वाद, मामींना नमस्कार.

तुमची भाची,
सुचेता

ता. क. : चाप हायाशी-सान यांचाच होता, हे काल कळलं. त्यांच्या नातीनं दिलेला. दर शनिवारी तो माझ्या डोक्यावर बघतात आणि "छान दिसतो" म्हणतात. आता परत कसा करायचा, या विचारानं मला झोप नाही.

दुसरा ता. क. : मोरिता-सान यांना मी तुमच्या वतीनं शब्द देऊन बसले आहे. जूनमध्ये टपालाचा सामना. त्यांनी इकडे हवेच्या रायफलीनं कागदी टार्गेटवर मारायचं, तुम्ही मिरजेत, आणि दोन्ही टार्गेटं मला पाठवायची. स्वतःच मारायचं, शिष्याकडून मारून घेतलेलं चालणार नाही. छर्रे नाहीत म्हणू नका. मुंबईहून तुमच्या जुन्या शिष्यानं, हरीशनं, जानेवारीत पाठवलेले दोन डबे देवघराच्या कपाटात सील न फोडता पडले आहेत, हे मला ठाऊक आहे. छर्रे कुठेही अडकलेले नाहीत, मामा. तुम्ही अडकला आहात. तुम्ही नेम धरत नाही, हे मला इथे बसून सहन होत नाही.

तिसरा ता. क., फक्त मामींसाठी : मामी, हे पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवताय, कारण पेपरही हल्ली तुम्हीच वाचून दाखवता, हे तुम्ही फोनवर बोलून गेलात. ही ओळ मनात वाचा. मार्चच्या शेवटच्या बुधवारी सकाळची डोळ्याच्या डॉक्टरची वेळ मी फोनवरून घेतली आहे. मिरजेत दगड भिरकावला तरी तो डॉक्टरच्याच पाटीवर लागतो, आणि त्या गावात राहून हा माणूस डोळ्याच्या डॉक्टरला भितो! तुमचे डोळे दाखवायचेत म्हणून रिक्षात बसवा.

शेवटचा ता. क., आता पुन्हा मोठ्यानं वाचा : मामा, तुमच्या खुर्चीत ताठ बसा. डावा डोळा मिटा. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्यावर उजव्या डोळ्यानं नेम धरा, आणि काय दिसतं ते मामींना सांगा. हा सुका सराव आहे. छर्रा नाही, पुरावा नाही, तपासायला मीही तिथे नाही. तुम्ही जे सांगाल ते आम्ही खरं मानू.

फक्त "दहा" म्हणू नका.