ज्याचं वाक्य शिळं, त्याची भांडी

३ जून, सोमवार
आजपासून शिळं वाक्य बंद. बोलण्यात, लिहिण्यात, ऑफिसच्या ईमेलमध्येसुद्धा. निश्चय म्हणजे दगडावरची रेघ.
(दगडावरची रेघ शिळी आहे. पण रोजनिशी कुणी वाचत नाही. चालेल.)
मला हे जड जाऊ नये. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच शिकवलं, तेही जेवणाच्या टेबलावर. नियम एकच: ज्याचं वाक्य शिळं, त्याची भांडी. जेवताना कुणी वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य बोललं की बाबा ताटावर चमचा वाजवतात. मी आजवर एकदाही भांडी घासलेली नाहीत. बाबांनीही नाही. रोज आईच घासते. बिचारीचं भाषेकडे लक्ष नाही. बसा, गार होतंय, हे वाक्य ती इतकी वर्षं जसंच्या तसं बोलते आहे.

४ जून, मंगळवार
आमची कंपनी लिफ्ट बसवते. लिफ्ट बंद पडली की अडकलेल्यांच्या तक्रारींना मी उत्तरं देते. आजवर सगळ्यांना ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढंच जायचं. हे अप्रामाणिक आहे. प्रत्येकाचं अडकणं वेगळं असतं. आज एका आजोबांना स्वतःच्या शब्दांत लिहिलं: ‘आपण वर जायला निघालात आणि आमच्यामुळे मध्येच राहिलात, याची खंत वाटते.’
समाधान वाटलं.

६ जून, गुरुवार
आजोबांनी थेट साहेबांना फोन केला. मी वर जाण्याची इतकी घाई कुणाला झाली आहे, असं विचारत होते म्हणे. साहेबांनी जुनाच मजकूर पाठवायला सांगितला. साहेबांना माझ्या शैलीची धास्ती वाटते, असा माझा संशय आहे.

दुपारी साडेचार
मोठी घडामोड. आमचा लिफ्ट मेकॅनिक पाणी प्यायला आला. हात पुसत पुसत म्हणाला की तुमचा स्वभाव फार चांगला आहे, मी लग्नाचा विचार करतोय, तुमचं काय मत?
मला तो आवडतो. हे इथे लिहायला हरकत नाही. पण ‘स्वभाव फार चांगला’ हे लोक भाडेकरूबद्दलसुद्धा बोलतात. हेच वाक्य त्याने आणखी कुठे वापरलं नसेल कशावरून?
अट घातली. फक्त माझ्याबद्दल खरं असलेलं, आजवर कुणी कुणाला न म्हटलेलं एक वाक्य आणा, मग बोलू. त्याने ग्लास विसळून जागेवर ठेवला. शेवटी बघतो म्हणाला. लिफ्ट बंद पडल्यावरही तो हेच म्हणतो.

८ जून, शनिवार
पहिलं वाक्य मेसेजवर आलं: तुमच्या हसण्याने माझा दिवस सुरू होतो.
मला आधीच संशय होता. बाथरूममध्ये जाऊन खात्री केली. टूथपेस्टच्या खोक्यावर जवळजवळ हेच छापलंय. खोक्याचा फोटो काढून पाठवला.

११ जून, मंगळवार
दुसरं वाक्य: तुम्ही चिडक्या माणसाचा फोन घेताना पेनाचं टोपण चावता, आणि तो शांत झाला की टोपण हळूच पुसून परत लावता.
हे कुठेच छापलेलं सापडलं नाही. म्हणूनच जास्त संशयास्पद. त्याला एवढं कसं सुचलं? ऑफिसातल्या कुणीतरी लिहून दिलं असणार. शिवाय हे कौतुक आहे की तक्रार, तेही स्पष्ट नाही. उत्तर पाठवलं: ‘हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?’
उत्तर नाही. चोराच्या मनात चांदणं.

१६ जून, रविवार
आईने मला न विचारता त्याला जेवायला बोलावलं. नंबर तिला कुठून मिळाला, हा प्रश्न अजून तसाच आहे.
बसतानाच तो म्हणाला की काकू, जेवण अगदी घरच्यासारखं दिसतंय. बाबांनी चमचा वाजवला. नियम समजावून सांगितला. मला वाटलं, तो शरमेल. तो बाह्या दुमडून म्हणाला की बरं झालं, मला बोलायचं टेन्शन होतं, भांड्यांचं नाही. मग सगळं जेवण त्याने बिनधास्त शिळंच बोलत केलं. बाबांचा हात दुखला.
जेवणानंतर तो आणि आई भांडी घासायला आत गेले. आतून हसण्याचे आवाज. मी पाणी प्यायच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा आत गेले. कट वगैरे काही ऐकू आलं नाही. आई म्हणत होती की दिवस कसे भराभर जातात, नाही? तो म्हणत होता की हो ना काकू, काल-परवाची गोष्ट वाटते. नवीन असं एकही वाक्य नाही, आणि आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. बहुधा साबण गेला असावा.
जाताना त्याला विचारलं की तिसरं वाक्य कधी? तो म्हणाला की अहो, माझ्याकडे होतं ते दिलं.

१९ जून, बुधवार
तो ऑफिसात माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलतो: नमस्कार, कसं काय, चला येतो. पाणी मात्र खालच्या मजल्यावर पितो. मला काही फरक पडत नाही.

२० जून, गुरुवार
फरक पडतो.

२१ जून, शुक्रवार
साहेब म्हणाले की मेकॅनिकने दुसऱ्या शाखेत बदली मागितली आहे, सोमवारी अर्ज पुढे जाईल. मी पेन खाली ठेवलं. टोपण ओलं होतं.

२२ जून, शनिवार
त्याला उत्तर लिहायला बसले. अर्थात संपूर्ण नवं. पहिला मसुदा: ‘दोन मजल्यांच्या मधे थांबलेल्या लिफ्टमध्ये जो उजेड असतो, तशी माझी आठवडाभर अवस्था आहे.’ परत वाचल्यावर ती तक्रार वाटली. मीच मला दिलगिरीचा ईमेल पाठवला असता. दुसऱ्या मसुद्यात बाबांनी सुधारणा केल्या. त्यानंतर तो मलाच कळेना.

२३ जून, रविवार
आई भांडी घासत होती. मी फोन घेऊन शेजारी उभी. तिने विचारलं की थोडक्यात तुला म्हणायचंय काय? मी समजावू लागले. ती म्हणाली की अगं बाई, थोडक्यात. मग ओल्या हातांनी खूण करून तिनेच सांगितलं, मी टाइप केलं: ‘माझं चुकलं. तुम्ही मला आवडता. जाऊ नका.’
तिन्ही वाक्यं शिळी. जगात रोज कुणी ना कुणी वापरत असेल. डोळे मिटून पाठवलं.

संध्याकाळी सहा
त्याचं उत्तर आलं: हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?
खोटं बोलणं मला जमत नाही. लिहिलं: ‘आईने.’
मग: काकूंना विचारून सांगा, खरं आहे का.
स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. आईने माझ्याकडे नीट पाहिलं. पुरती शहानिशा केल्यासारखं. मग हो म्हणाली.
कळवलं: ‘आई म्हणते, खरं आहे.’